मोजले कोणी, कसे मोजले?

(विज्ञान दिनाच्या निमित्ताने कुडाळ येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा तुमच्यातल्या काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. अतिसंवाहक पदार्थांचे मोजमाप! पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, घरातल्या मारहाणीचा आहे, आणि ताई हे काय घेऊन बसल्या? तुमचे हसणे रास्त आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. आज जे सांगणार आहे ते वाचून आणि विचारून शिकलेले आहे. एका कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी माझ्यासाठी आपले दोन रविवार खर्च केले. माझे बोलणे कुठे अडले, तर हात वर करून थांबवा.

सुरुवात आपल्याच गोष्टीने करते. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्या एका गटातल्या बाईंचे रक्त एका शिबिरात तपासले. बाई काजूच्या कारखान्यात सोलणीला जातात. बोटाला टोचले, यंत्रावर आकडा आला ७.८. आठच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. "ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा, उशीर करू नका." बाई घाबरल्या. दोन दिवसांची मजुरी बुडवली, गाडीभाडे उसने घेतले. दवाखान्यात शिरेतून रक्त घेतले, तिथे आकडा आला १०.४. तिथल्या माणसाने विचारले, "तुम्हाला उगीच कोणी घाबरवले?" शिबिरवाल्यांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "मधल्या काळात गोळ्या खाल्ल्या असतील." मधला काळ एका रात्रीचा होता! म्हणजे दोन आकडे दोन यंत्रांचे, पण जाब विचारला गेला तो बाईंनाच. त्या मला म्हणाल्या, "गो बाये, माझा रगात म्हणजे काय भरती-सुकतीचा पाणी आसा? आज एक आणि उद्या दुसरा?"

मला उत्तर देता आले नाही. सर्वेक्षण कसे करायचे, मुलाखत कशी घ्यायची, टक्केवारी कशी काढायची हे मी शिकले होते. समोर आलेल्या आकड्यालाच उलट प्रश्न कसा विचारायचा, हे मला कोणी शिकवले नव्हते.

त्याच दिवसांत आपल्या गटातली बी.एस्सी. करणारी एक मुलगी मोबाईल घेऊन धावत आली. दक्षिण कोरियात एक काळा खडा तयार झालाय, त्याचे नाव एलके-९९. साध्या हवेत, बर्फाशिवाय, तो वीज अजिबात न अडवता वाहून नेतो. "ताई, आता वीज वाया जाणार नाही, बिले कमी येतील!" महिनाभरात दुसरी बातमी आली, तसे काही नाही. मी तिला विचारले, "हे खोटे ठरवले कोणी? आणि कसे?" ती गप्प झाली. मग आम्ही दोघी मिळून वाचायला लागलो. त्या वाचनातून मला माझ्या काजूवाल्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर सापडत गेले, म्हणून आज हा विषय.

आधी पदार्थ म्हणजे काय ते पाहू. आपल्या दारापर्यंत येणारी तार विजेला थोडी अडवते. त्या अडथळ्यात वीज खर्च होते आणि तार तापते. १९११ साली हॉलंडमधल्या लायडन गावी कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा अडथळा एकाएकी नाहीसा झाला. अशा पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात. १९३३ साली दुसरी खूण सापडली. असा पदार्थ चुंबकाचा प्रभाव आपल्या अंगातून बाहेर ढकलतो. १९८६ साली झुरिकला बेडनॉर्झ आणि म्युलर यांना एका चिनीमातीसारख्या पदार्थात हा गुण बऱ्याच वरच्या तापमानाला मिळाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर जगभर शर्यत लागली.

हे सगळे आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. कंबरेच्या नाहीतर डोक्याच्या दुखण्यासाठी तुमच्यापैकी कोणाचा एमआरआय झाला असेल. आत जाण्याआधी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातली पिन, सगळे काढून ठेवायला लावतात. कितीजणींना तेव्हा मंगळसूत्र काढताना रडू येते, ते मी पाहिले आहे. तिथे धातू का चालत नाही? कारण त्या गोल बोगद्याभोवती नायोबियम आणि टायटेनियम या धातूंच्या अतिसंवाहक तारेचे वेटोळे असते, ते द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांना थंड ठेवलेले असते, आणि त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त असते. ती तार किती वीज पेलू शकते याचे माप चुकले, तर यंत्र भरवशाचे राहणार नाही. म्हणून कोणीतरी ते नीट मोजलेले असावे लागते.

आता मोजण्यातली अडचण. अडथळा शून्य आहे, हे मोजायचे कसे? आपण बाजारात मासे टोपलीसकट तोलले तर टोपलीचे वजनही त्यात धरले जाते. तसेच इथे मोजायला लावलेल्या तारांचा आणि जोडांचा अडथळा मोजमापात मिसळतो. म्हणून चार तारा लावतात. दोन तारांतून वीज सोडायची, वेगळ्या दोन तारांनी दाब मोजायचा. टोपलीचे वजन वगळण्याचीच ही युक्ती आहे. पण तेवढ्याने भागत नाही. काटा अडकलेला तराजूही शून्यच दाखवतो ना? दाब मोजणारी तार सुटली, किंवा वीज भलत्याच वाटेने गेली, तरी यंत्रावर शून्य येते. म्हणून एकट्या शून्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. चुंबकाची दुसरी खूणही दाखवा, असे म्हणतात. आणि तेव्हाही प्रामाणिक माणूस "शून्य आहे" असे म्हणत नाही. "माझ्या यंत्राला दिसू शकते त्याहून कमी आहे" असे म्हणतो.

दुसरी अडचण अशी. कोणतीही अतिसंवाहक तार एका मर्यादेपर्यंतच वीज पेलते. त्यापुढे अडथळा पुन्हा येऊ लागतो, पण दिव्याच्या बटणासारखा एकदम नव्हे, हळूहळू. पेजेला उकळी कधी आली म्हणायची? एक म्हणेल पहिला बुडबुडा आला तेव्हा, दुसरी म्हणेल झाकण उडू लागले तेव्हा. दोघीही खऱ्या, पण त्यांच्या वेळा जुळणार नाहीत. म्हणून सगळ्यांनी मिळून एक रेघ आखली. तारेच्या एका मीटरमागे दाब दहा मायक्रोव्होल्ट झाला, म्हणजे एका व्होल्टचा एक लाखावा भाग, की तिथे मर्यादा आली असे धरायचे. काही ठिकाणी शंभर मायक्रोव्होल्ट धरतात. कोणती रेघ धरली ते मात्र लिहिलेच पाहिजे. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. माणसांनी बसून, भांडून, ठरवून आखलेली आहे. बोटाच्या रक्तातली आठची रेघही अशीच माणसांनी आखलेली असते.

तिसरी अडचण ऐकून मी चाट पडले. नायोबियम आणि कथील यांची एक तार असते, फार ठिसूळ. मोजताना ती एका नळीवर गुंडाळतात. थंड केल्यावर तार आकसते आणि नळीही आकसते, पण दोन्ही सारख्या आकसत नाहीत. तारेवर ताण येतो आणि तिची वीज पेलण्याची ताकद बदलते. म्हणजे एकाच कारखान्याची तार, मोजणारी माणसे हुशार, यंत्रे महागडी, आणि तरी दोन प्रयोगशाळांचे आकडे वेगळे! का, तर गुंडाळायची नळी वेगळ्या पदार्थाची होती. चूक तारेची नव्हती. तार कशावर बसवली, ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

मग त्यांनी काय केले? अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने १९८४ साली नायोबियम-टायटेनियमच्या तारेचे प्रमाण नमुने काढले. दुकानदाराकडे शिक्का मारलेले वजन असते तसे. ज्याला आपली पद्धत तपासायची असेल त्याने ही तार मोजावी आणि आकडा जुळतो का पाहावे. १९८२ साली व्हर्साय इथे जमलेल्या सात श्रीमंत देशांनी नव्या पदार्थांच्या मापांसाठी 'व्हामास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांना त्याच त्या तारा वाटून मोजायला दिल्या. आकडे जुळले नाहीत तेव्हा कोणाला खोटे ठरवून विषय संपवला नाही. फरक का आला हे शोधले, नळी कसली, तार कशी गुंडाळायची याचे नियम केले, आणि पुन्हा मोजले. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाची एक समिती याच कामासाठी आहे, तिचे सचिवालय जपानकडे आहे. तिच्या मानकांचा पहिला भाग १९९८ साली निघाला. नंतर ही मानके दुरुस्तही होत आली. फ्रान्समध्ये 'इटर' नावाचा मोठा अणुऊर्जा प्रयोग उभा राहतो आहे. त्याच्या मुख्य चुंबकांच्या तारा चीन, जपान, कोरिया, रशिया, अमेरिका आणि युरोप यांनी केल्या. सहा ठिकाणची तार एकाच यंत्रात बसायची, तर सहा ठिकाणचे मोजमाप एक असल्याशिवाय कसे चालेल?

आता आपल्या देशाकडे या. मुंबईला कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. आपल्या कित्येक घरांतले चाकरमानी त्याच मुंबईत. तिथे आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यट्रियम, निकेल, बोरॉन आणि किंचित कार्बन यांच्या मिश्रणात अतिसंवाहकता दाखवली. १९९४ साली ते छापून आले. इतर देशांतल्या प्रयोगशाळांनीही या जातीचे पदार्थ बनवले आणि त्यांनाही ती मिळाली, म्हणून ते टिकले. पुढे याच संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथ हा धातू अतिसंवाहक होतो असे दाखवले. ते २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी तापमान किती खाली न्यावे लागले? ज्याच्या खाली थंडी असूच शकत नाही त्या टोकापासून वर, एका अंशाचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या पाचाच्या आसपास! आणि पृथ्वीचे जे चुंबकत्व आपल्याला जाणवतही नाही, ते त्या बिस्मथला पेलवण्यासारखे नव्हते. त्याला सोसेल त्याच्या सुमारे आठपट ते होते. म्हणजे आधी पृथ्वीचे चुंबकत्व अडवायचे आणि मग मोजायचे. ते अडवले नसते, तर "बिस्मथ अतिसंवाहक नाही" असे अगदी प्रामाणिकपणे लिहिले गेले असते. नसलेले दिसते तसेच असलेले दिसतही नाही, हे ध्यानात ठेवा.

२०१८ च्या जुलैत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून एक दावा आला. सोने आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण उणे ३७ अंशांनाच अतिसंवाहक होतात. खरे असते तर जग बदलले असते. पण ब्रायन स्किनर या अमेरिकेतल्या तरुण शास्त्रज्ञाच्या एक गोष्ट नजरेला आली. प्रत्येक मोजमापात एक बारीक थरथर असते, आणि ती दरवेळी वेगळी असते. इथे वेगवेगळ्या मोजमापांत ती थरथर सारखीच दिसत होती. त्याने तसे लिहिले. आपल्या टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही उघडपणे प्रश्न विचारले. पुढच्या वर्षी दावा करणाऱ्यांनी आणखी मोजमापे देऊन लेख सुधारला, पण त्या दाव्याला शास्त्रज्ञांची सर्वमान्यता मिळालेली नाही. मला यातली गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी की, संस्था किती नामवंत आहे हे पाहून प्रश्न थांबले नाहीत.

आणि तो कोरियाचा काळा खडा? तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही बनवून पाहिला. आपल्या देशाचा किलो आणि मीटर सांभाळते ती हीच संस्था. त्यांना अतिसंवाहकता मिळाली नाही. जगभर इतरांनाही मिळाली नाही. खड्यात मिसळलेल्या तांबे आणि गंधकाच्या संयुगाचे रूप साधारण १०४ अंशांना बदलते, तेव्हा अडथळा झपकन उतरतो. ते उतरणे पाहून अतिसंवाहकतेचा भास झाला होता. माझ्या मुलीला उत्तर मिळाले. खोटे कोणी एकाने ठरवले नाही. अनेकांनी आपापल्या ठिकाणी, तीच कृती करून, तेच मोजून पाहिले.

इथे एका बाईचे नाव घेतले नाही तर माझे बोलणे अपुरे राहील. अन्ना मणी. १९१८ साली केरळात जन्मल्या. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर काम केले, प्रबंध लिहिला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. १९४८ साली त्या पुण्याला हवामान खात्यात आल्या. पाऊस, वारा, ऊन मोजायची उपकरणे तेव्हा बाहेरून येत. अन्नाबाईंनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथेच बनवायला घेतली. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. २००१ साली त्या गेल्या. त्यांचे क्षेत्र हवामानाचे, अतिसंवाहकाचे नव्हे, पण काम तेच. रत्नागिरीचा पाऊस आणि नागपूरचा पाऊस एकाच मापाने मोजला जावा, याची त्यांनी व्यवस्था लावली.

त्यांच्या आयुष्यात दोन मापे भेटतात. एक त्यांनी घडवलेले, सगळ्यांना सारखे लागू होणारे. दुसरे त्यांना लावलेले. काम समोर असताना पदवीचा कागद बघणारे. म्हणून मापदंड आहे म्हटल्यावर तो न्यायाचाच असेल, असे धरून चालू नका. तो कोणी ठरवला, कोणाला विचारून ठरवला, आणि चुकला तर बदलता येतो का, हे विचारायचे. रोजगार हमीच्या कामावर खड्डा मोजताना टेप कोणाच्या हातात असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता परत आपल्या काजूवाल्या बाईंकडे. वाचल्यावर कळले की टोचलेले बोट जोरात दाबले की रक्तात अंगातले पाणी मिसळते आणि आकडा खाली येतो. बोटाचे रक्त आणि शिरेचे रक्त यांच्या आकड्यांतही फरक पडतो. हा घोळ आपल्या कुडाळातच आहे असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो बोटाच्या रक्तावरून. ती पद्धत कितपत अचूक यावर वाद झाला आणि पुढच्या फेरीतून ही तपासणी वगळली. माप सुधारायला माझी ना नाही. पण माप सुधारेपर्यंत बाईचा अशक्तपणा कागदावरून नाहीसा होऊ नये, एवढे लक्ष आपण ठेवले पाहिजे. आपल्या बाईंचा १०.४ हा आकडाही बाराच्या खालीच होता. त्यांना गोळ्यांची आणि पोटभर जेवणाची गरज होतीच. दोन आकड्यांच्या भांडणात ती गोष्ट मात्र कोणी बोललेच नाही.

नंतर आपण एका शिबिरासाठी अर्ध्या पानाचे नियम लिहून दिले. हात धुऊन कोरडे करायचे. बोट पिळायचे नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा. पट्टीची मुदत पाहायची. रक्त बोटाचे की शिरेचे, यंत्र कोणते, हे आकड्याशेजारी लिहायचे. काहीजणींचे दोन्ही प्रकारे, एकाच सकाळी तपासायचे. सुरुवातीला तिथल्या मुलांनी नाके मुरडली. पण कागद भिंतीवर लागला तो राहिला. आकड्यांतला फरक पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. तो कशामुळे येतो, हे आता विचारता येते. आणि "तूच काहीतरी केले असशील" असे बाईला म्हणणे बंद झाले. मला तरी हे मोठे वाटते.

जाता जाता एवढेच मागते. यापुढे कोणीही तुमच्यापुढे आकडा ठेवला, रक्ताचा असो, वजनाचा असो, कामाचा असो, तर चार प्रश्न विचारा. कोणी मोजले? कशाने मोजले? रेघ कुठे आखली? आणि दुसऱ्या कोणी मोजले तर हेच येईल का? अशा प्रश्नांचा शास्त्रज्ञांनी एकमेकांत राग मानला नाही, तर डॉक्टर, मुकादम आणि तलाठी यांनीही मानायचे कारण नाही. मानला, तर मला बोलवा, आपण सगळ्याजणी मिळून विचारू.

त्या बाई आज इथे मागे बसल्या आहेत. मघाशी त्यांनी मला विचारले, "आज माझा रगात बघतलास काय?" बघणार आहोत. जेवणानंतर, शेजारच्या खोलीत. कागद भिंतीवर लावलेला आहे, आधी तो वाचा आणि मगच बोट पुढे करा.